चंद्रासाठी आलेलं स्थळ

चंद्रा वारली त्या दिवशी कोंडेघरच्या केंद्रात दुपारचा चहा झाला नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत नामातात्या वाळंजांचा चहा त्याआधी दोनदाच चुकला होता. एकदा सिंहीण पाण्याच्या हौदात अडकली तेव्हा आणि एकदा मंत्री येणार होते तेव्हा. मंत्री आलेच नाहीत आणि चहाही गेला, हे तात्या अजून सांगत.

सरकारी कागदावर त्या जागेचं नाव 'मार्जारकुळातील मोठ्या प्राण्यांचे निवारा केंद्र' असं होतं. मुळशी खोऱ्यातले लोक सरळ 'वाघांचा वृद्धाश्रम' म्हणत. सर्कशी बंद पडल्यावर बेघर झालेले वाघ, विहिरीत पडून कंबर मोडलेले बिबटे, कुणा हौशी श्रीमंताच्या बंगल्यातून जप्त केलेली सिंहीण, अशी सगळी मंडळी तिथे उरलेले दिवस काढत. तात्या त्यांचे मुख्य रखवालदार. चंद्रा ही त्यांतली सगळ्यांत जुनी, एकोणीस वर्षांची वाघीण. मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. नियमाप्रमाणे त्याच सकाळी शवविच्छेदन झालं, नियमाप्रमाणे मागच्या आवारात दहन झालं, पंचनाम्यावर तात्यांनी सही केली. रडले मात्र नाहीत. बाकीच्या बावीस जणांना मांस वाटायचं होतं.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू झाली. चंद्राच्या शेजारच्या कुंपणात सुभेदार नावाचा वाघ होता, अठरा वर्षांचा, सर्कशीतला. दोघांच्या मधे फक्त एक जाळी. अकरा वर्षं ती दोघं त्या जाळीला पाठ लावून झोपत आली होती, पाठीला पाठ लागेल अशी. सुभेदाराची नसबंदी झालेली असल्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. चंद्रा गेली आणि सुभेदारानं सात किलोचा वाटा तसाच ठेवला. तिसरा दिवस सोमवार होता. सोमवारी केंद्रात सगळ्याच वाघांचा उपास असतो, पोट साफ राहावं म्हणून, त्यामुळे तो दिवस तात्यांनी धरला नाही. पण मंगळवारी आणि बुधवारीही मांसावर माश्याच बसल्या. म्हातारा वाघ आठ-दहा दिवस उपाशी राहिला की पुन्हा उभा राहत नाही, हे तात्यांनी पाहिलं होतं. तो जाळीशी पडून पलीकडच्या रिकाम्या कुंपणाकडे बघत राही आणि तात्या त्याच्याकडे.

गुरुवारी डॉ. अन्विता केळुसकर गाडीतून एक पेटी घेऊन उतरल्या. या बाई पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होत्या, तिशीच्या आतबाहेर, मूळच्या वेंगुर्ल्याच्या. मांजराच्या केसांनी त्यांना शिंका येत, आणि त्यांनी संशोधनाला विषय निवडला होता वाघ. माणसाचं नशीब म्हणतात ते हेच, असं तात्यांचं मत होतं.

पेटी हार्मोनियमएवढी होती आणि तिचं नाव गंधपेटी. बाईंनी ती तात्यांना पायरीवर बसून समजावून सांगितली. वाघ शेपूट वर करून झाडावर जी पिचकारी मारतो, ते त्याचं पत्र असतं. त्यात चरबीचे बारीक थेंब असतात आणि त्या थेंबांत वासाचे शंभरेक रेणू धरून ठेवलेले असतात. चरबीमुळे ते भसकन उडून जात नाहीत, दोन-तीन आठवडे झाडाला टिकतात. दुसरा वाघ येतो, हुंगतो आणि वाचतो: नर की मादी, वय काय, तब्येत कशी, जोडीदार हवा आहे की नको, आणि पत्र कधीचं. गंधपेटी हेच पत्र वाचते. नमुन्याची वाफ केसासारख्या बारीक नळीतून जाते, प्रत्येक रेणू आपापल्या वेळेला पलीकडे पोचतो, यंत्र त्यांची मोजदाद करतं आणि वासाची कृती लिहून काढतं. मग पेटीतल्या साठ कुप्यांमधून थेंब थेंब घेऊन तोच वास हवा तितका पुन्हा तयार करतं.

"आणि गंमत सांगू का तात्या," बाई म्हणाल्या, "आंबेमोहोर तांदळाला जो वास असतो ना, नेमका तोच रेणू वाघाच्या पिचकारीत सापडतो."

तात्यांनी कपाळाला हात लावला. वाघाच्या पिंजऱ्यात आंबेमोहोर शिजल्याचा वास येतो, हे ते एकतीस वर्षं गावाला सांगत होते आणि गाव त्यांना हसत होतं.

बाईंचा बेत साधा होता. चंद्राचा वास तिच्या कुंपणातल्या झाडांवर दर तीन तासांनी फवारायचा. सुभेदाराला वाटेल, ती आहे, फक्त दिसत नाही. तेवढ्या आधारावर तो जेवायला लागेल, मग हळूहळू वास कमी करत न्यायचा. नमुन्यांना तोटा नव्हता. अभ्यासासाठी दर महिन्याला चंद्राचा एक नमुना घेऊन उणे ऐंशी अंशांच्या पेटाऱ्यात ठेवलेला होता. अकरा वर्षांच्या बाटल्या, सगळ्यांवर तात्यांच्या हातच्या चिठ्ठ्या.

"बाटली तुम्ही निवडा," बाई म्हणाल्या. "तिला तुमच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं."

इथे तात्यांनी जे केलं ते कोंडेघरच्या रीतीला धरूनच होतं. गावात कुणी गेलं की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो आणि त्यावर फोटो लागतो तो माणसाच्या ऐन उमेदीतला. ऐंशीव्या वर्षी गेलेल्या महादू पाटलांच्या फ्लेक्सवर काळा चष्मा लावलेला तिशीतला गडी होता. बाहेरगावचे पाहुणे तर तरणाताठा माणूस गेला म्हणून हळहळत परतले होते. गेलेल्या माणसाचा चांगला फोटो लावायचा, आजारपणातला लावायचा नाही, एवढं कुणालाही कळतं. तात्यांनी शेवटच्या दिवसांच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि नऊ वर्षांपूर्वीची एक बाटली काढली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'चंद्रा. चैत्र. भर माजात. लोळते, फुरफुरते, खाण्याकडे लक्ष नाही.' बाईंना हे आवडणार नाही, असं तात्यांना आतून वाटलंच. म्हणून त्यांनी चिठ्ठी नखानं खरवडून काढली आणि बाटली पुढे केली. सुभेदाराची नसबंदी झालेली, त्यात बिघडणार काय, असा त्यांचा हिशेब होता.

पहिली फवारणी झाली. सुभेदाराच्या नाकपुड्या हलल्या. तो उठला, पाय थरथरत होते तरी उठला, जाळीशी आला आणि वरचा ओठ मागे ओढून हवा आत घेत उभा राहिला. मग फुर्र फुर्र असा आवाज करू लागला. ओळखीचं माणूस दिसल्यावर वाघ करतात तो आवाज. संध्याकाळी त्यानं सात किलो संपवून हाडही चाटलं. तात्या इतके खूश झाले की त्यांनी घरी जाताना चार वडापाव नेले.

पुढचे तीन आठवडे सुभेदार जेवला. अंगावर तकाकी आली. सकाळी उठून डरकाळी फोडू लागला, जी त्यानं चार वर्षांत फोडली नव्हती. इतर सगळ्या गोष्टी मात्र बिघडत गेल्या.

पहिला बिघाड घरातून सुरू झाला. दिवसातून पाच वेळा पेटी भरून तात्यांच्या अंगाला तो वास लागला. घरच्या म्हशीनं पान्हा चोरला. गल्लीतली कुत्री त्यांना पाहून विव्हळत घरात शिरू लागली. बायको इंदूबाई एकतीस वर्षं तात्यांना बाहेरच्या नळावर आंघोळ केल्याशिवाय घरात घेत नव्हत्याच. आता तीन आंघोळी झाल्या तरी त्यांनी तात्यांचं अंथरूण ओसरीवर टाकलं. जिवंत असताना या वाघिणीनं एवढा छळ केला नव्हता, मेल्यावर सवत झाली, असं त्या पाणी भरायला येणाऱ्या बायकांना सांगत, आणि तेही तात्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

दुसरा बिघाड चंद्रपूरकडून आला. आई मेलेली वाघाची दोन पिल्लं, अकरा महिन्यांची, दोघी बहिणी. त्यांना चंद्राचं कुंपण द्यायचं ठरलं होतं. आणलेला पिंजरा कुंपणात ठेवून दार उघडलं, तर दोघी मागच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या. त्यांच्या नाकाला स्पष्ट कळत होतं की ही जागा एका तगड्या, धट्ट्याकट्ट्या वाघिणीची आहे आणि ती आत्ताच इथून गेली आहे. दोन दिवस त्या बाहेर आल्या नाहीत, पाणीही पिंजऱ्यातच द्यावं लागलं. मेलेलीनं जिवंतांची जागा अडवून ठेवली होती.

अन्विताबाईंनी पेटी बंद करू या का, असं विचारलं. तात्यांनी सुभेदाराकडे बोट दाखवलं आणि अजून आठवडाभर थांबा म्हणून गळ घातली.

गाव मात्र खूश होतं. भात पोटरीला आलं होतं, आणि दरवर्षी त्या दिवसांत रानडुकरं शिवारं लोळवून जात. यंदा एक डुक्कर फिरकलं नाही. सरपंच तर केंद्रात येऊन दोन बाटल्या मागून गेले. मग एका दुपारी इंदूबाई म्हशीसाठी गवत कापायला डोंगराच्या उतारावर गेल्या, आणि पंचवीस पावलांवर गवतातून एक डोकं वर आलं.

इंदूबाई ओरडल्या नाहीत की पळाल्या नाहीत. एकतीस वर्षं वाघांच्या रखवालदाराचं ऐकून घेतल्याचा एवढा तरी उपयोग झाला. त्या तोंड वाघाकडे ठेवून मागे मागे सरकत आल्या, विळा हातातच, थेट केंद्राच्या फाटकापर्यंत. तिथे आल्यावर बसल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या चंद्राला मागणी आलीय."

तासाभरात वनखात्याचे साळुंके साहेब ड्रोन आणि बेशुद्धीच्या बंदुका घेऊन हजर झाले. त्या काळी सह्याद्रीत विदर्भातले वाघ आणून सोडलेले होते. त्यांतलाच हा, चार वर्षांचा जवान नर, गळ्यात रेडिओपट्टा. महिनाभर तो घाटमाथ्यावर जोडीदार शोधत हिंडत होता आणि आठ दिवसांपूर्वी एकाएकी सरळ रेषेत कोंडेघरकडे चालू लागला होता. साहेबांना कारण कळेना. अन्विताबाईंना कळलं. त्यांनी गंधपेटीनं लिहिलेली कृती पुन्हा एकदा नीट पाहिली, आणि मग तात्यांकडे पाहिलं.

तात्यांनी सगळं कबूल केलं. चिठ्ठी, नख, फ्लेक्सवरचा फोटो, सगळं. बाईंना हसावं की रडावं कळेना. निसर्गात वाघीण चार-सहा दिवस अशी हाक घालते आणि प्रकरण मिटतं. गंधपेटीला मिटणं ठाऊकच नव्हतं. ती चोवीस दिवस, दिवसातून आठ वेळा, खोऱ्यातल्या वाऱ्यावर लग्नाची जाहिरात सोडत होती.

"आत्ताच्या आत्ता बंद करा ते," साळुंके साहेब म्हणाले.

बंद करून भागणार नव्हतं, हीच तर मेख होती. बाईंनी समजावलं की फवारलेला वास चरबीला धरून अजून दोन आठवडे झाडांवर राहील. तेवढे दिवस तो नर इथेच घिरट्या घालणार, आणि खाली शिवारात बायामाणसं भात राखायला बसणार. बेशुद्ध करून उचलून नेला तरी वास जिवंत आहे तोवर परत येणार. जुनं पत्र पुसता येत नाही. त्यावर नवं पत्र टाकता येतं. वाघ सगळ्यांत ताजी बातमी खरी मानतो.

ताजी बातमी पेटाऱ्यात होती. शेवटची बाटली, चंद्रा गेली त्या पहाटेची. तिच्यात म्हातारपण होतं, सडलेली मूत्रपिंडं होती, मरण होतं. ती फवारली की ज्याला नाक आहे त्याला कळलं असतं. जवान नराला कळलं असतं, पिल्लांना कळलं असतं, आणि सुभेदारालाही.

"न्हाई," तात्या म्हणाले. "त्याला कळंल. मरंल तो."

साहेबांनी हुकूम सोडायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण फाटकाशी बसलेल्या इंदूबाई उठून तात्यांसमोर आल्या होत्या.

"तुमची आई गेली तवा तुम्ही नागपूरला वाघ आणाया गेला व्हता," त्या म्हणाल्या. "भाऊजींनी दोन दिस तुम्हाला कळवलं न्हाई. म्हनं, जीव घाबरा हुईल. तुम्ही आला तवा राख सावडून झाली व्हती. बावीस वर्सं झाली, भावाच्या घरचं पानी पीत न्हाई तुम्ही. आन् ह्या मुक्या जनावराशी तेच करताय?"

तात्या पेटाऱ्याकडे वळले. या बाटलीवरची चिठ्ठी त्यांनी खरवडली नाही. फक्त 'चंद्रा' एवढंच लिहिलं होतं तिच्यावर.

ऊन कलतं झालं तेव्हा पेटीनं नवा वास सोडला. तात्यांना तो आलाच नाही, माणसाच्या नाकाला एवढं कळत नाही. सुभेदार लोळत पडला होता. त्याचं डोकं वर झालं. तो जाळीशी आला, ओठ मागे ओढून त्यानं हवा घेतली, पुन्हा घेतली, जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक खांब हुंगला. फुर्र केलं नाही. मग जिथे तो पाठ लावून झोपत असे तिथे जाऊन बसला, या वेळी तोंड जाळीकडे करून, आणि घशातून एक बारीक आवाज काढू लागला. तो आवाज तात्यांनी एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. त्यांना तिथे उभं राहवेना, पण ते हलले नाहीत.

साळुंके साहेबांच्या यंत्राच्या पडद्यावर रेडिओपट्ट्याचा ठिपका सरकत बाहेरच्या कुंपणापर्यंत आला आणि वीस मिनिटं थांबला. त्यानंतर वळला आणि घाटाच्या दिशेनं निघाला. सकाळपर्यंत तो अकरा किलोमीटर दूर गेला होता.

साळुंके साहेबांना घटनेचा अहवाल पाठवायचा होता. 'वन्यप्राणी मानवी वस्तीजवळ येण्याचे कारण' आणि 'परत जाण्याचे कारण' असे त्यात दोन रकाने. साहेबांनी पेन चावत तात्यांना विचारलं, काय लिहू. तात्या म्हणाले, "लिहा की, स्थळ बघाया आला व्हता. मुलगी वारल्याचं कळवलं, परत गेला." साहेबांनी बराच विचार केला आणि थोडीफार शुद्ध भाषा करून तेच लिहिलं. वरिष्ठांकडून आजतागायत शंका आलेली नाही.

पिल्लं दुसऱ्याच दिवशी बाहेर आली. आधी एकीनं पंजा टाकला, मग दोघी धावत सुटल्या आणि तासाभरात त्यांनी पाण्याचा पाइप चावून तोडला. अन्विताबाई आनंदानं अकरा वेळा शिंकल्या. म्हशीनं पान्हा सोडला. सगळं मार्गी लागलं, एक सुभेदार सोडून.

तो जेवला नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तात्या सकाळपासून त्याच्या कुंपणाबाहेर दगडावर बसून राहत. त्यांचा डबाही तसाच घरी जात होता, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आपण खरं सांगितलं आणि खऱ्यानं त्याला मारलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंदूबाई टोपलं घेऊन आल्या. केंद्रात त्या असं कधी येत नसत. तात्यांच्या शेजारी दगडावर बसून त्यांनी फडकं सोडलं. आत बिनफोडणीचं पिठलं होतं आणि चार भाकरी. तात्या बघत राहिले. सणावारी सोडा, रोजच्या जेवणालाही असं पिठलं कुणी करत नाही. ते करतात शेजारणी, ज्या घरात माणूस गेलंय आणि चूल पेटलेली नाही, त्या घरासाठी.

"खा," इंदूबाई म्हणाल्या.

"भूक न्हाई."

"नसतीच. म्हणून तर दुसऱ्यानं आणायचं असतं." त्यांनी भाकरी मोडून त्यांच्या हातात दिली. "पोरीसारखी सांभाळलीत तिला. महिना झाला, घरात कुणी गेलंय असं तुम्ही एकदा म्हनला न्हाई."

तात्यांनी घास घेतला. तो गिळेना. तोंडात पिठलं तसंच ठेवून नामातात्या वाळंज रडू लागले, महिनाभरात पहिल्यांदा, खांदे हलवून, आवाज काढून, लहान मुलासारखे. चंद्रा गेली होती आणि ते त्यांना आत्ता कळत होतं. इंदूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला नाही, उगी म्हणाल्या नाहीत. तांब्या पुढे केला आणि दुसरा घास मोडून हातात दिला.

जाळीपलीकडे सुभेदार उठला होता. त्यानं थोडा वेळ या रडणाऱ्या माणसाकडे टक लावून पाहिलं. मग तो सावकाश चालत सकाळच्या मांसापाशी गेला, ते हुंगलं, एकदा चाटलं, आणि पंजाखाली धरून त्याचा लचका तोडला.

तात्यांनी ते पाहिलं आणि तोंडातला घास गिळला. जाळीच्या एका बाजूला भाकरी आणि दुसऱ्या बाजूला म्हशीचं मांस, दोन म्हातारे मान खाली घालून जेवत राहिले, आणि दोघांचं संपेपर्यंत इंदूबाई जागच्या हलल्या नाहीत.